शून्य हा सम आकडा

मैनाबाई हिचामी बोलायला उभी राहिली तेव्हा सोडत संपली होती आणि निम्मं सभागृह चहाकडे वळलं होतं.

"मॅडम, एक इचारू का जी?"

मंचावर पेटीच्या वायरी गुंडाळणाऱ्या प्रतिभा बोरकुटेने वर पाहिलं. सावरटोल्याच्या रक्तविकार केंद्रातल्या सगळ्या यंत्रांची देखभाल तिच्याकडे होती. ही सोडतीची पेटीही त्यातलीच.

"विचारा ना."

"तीन महिने झाले. बारा लोकायले औषध भेटलं. आमच्या नदीपलीकडचा त्यात एकबी नाही. आमची नावं तुमच्या पेटीले वाचता येत नाहीत का?"

लोक हसले. मैनाबाई हसली नाही. तिच्या शेजारी तिची मुलगी रुपी, चौदा वर्षांची, खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. गुडघे सुजलेले दिसत होते.

रुपीला सिकलसेल होता, या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात होता तसा. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं आतून कोणी पिळतंय अशा कळा येतात. दोन वर्षांपूर्वी एका सलाइनमध्ये मूळ जनुकच दुरुस्त करणारं औषध निघालं होतं. पण ते तयार व्हायला फार वेळ लागे. केंद्राच्या वाट्याला महिन्याला चार डोस यायचे. डॉक्टरांनी सगळ्यात जास्त त्रास असलेले दोनशे छप्पन रुग्ण निवडले. त्यांच्यात आधी कोण आणि मागून कोण, हे कोणालाच सांगता येईना. सुरुवातीला एक समिती ठरवायची, तर समितीतल्या लोकांचे फोन दिवसभर वाजत राहायचे. म्हणून सोडत आली. संगणकावरच्या सोडतीत दुसऱ्या एका राज्यात कोणीतरी आधीच आकडे ओळखले होते, कारण संगणकाचा आकडा हिशेबानेच निघतो. हिशेब कळला की आकडा कळतो. म्हणून ही पेटी आली.

प्रतिभाने माईक पुन्हा हातात घेतला. "बाई, शेवटच्या चौथाईत तुमचे नंबर आहेत. बारा वेळा सोडत काढली आणि त्या चौथाईतलं एकही नाव आलं नाही, असं शंभरातून तीन वेळा आपोआप होतं. नाणं उडवलं तर कधीकधी सलग सहा वेळा छापा पडतोच ना? पेटी कोणाला ओळखत नाही. तिची दर महिन्याला चाचणी होते. मी स्वतः करते."

मैनाबाई बसली. तिचं समाधान झालं नव्हतं. पुढे काय विचारायचं ते तिला सुचलं नव्हतं, एवढंच.

दुपारी प्रतिभा बाहेर आली तेव्हा दोघी मायलेकी बसथांब्यावर होत्या. गाडीला तासभर अवकाश होता. प्रतिभाला सकाळचं उत्तर जरा तोऱ्यातच दिल्यासारखं वाटत होतं. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"पेटीत काय आहे, सांगू का?"

"सांगा."

"हवा काढून घेतलेली एक काचेची नळी आहे. तिच्यात सुई आहे, तिचं टोक साध्या सूक्ष्मदर्शकातूनसुद्धा दिसत नाही इतकं बारीक. सुईला विजेचा जोर लावला की टोकातून इलेक्ट्रॉन निसटतात. म्हणजे विजेचे कण. धातूच्या कडेला त्यांना अडवणारी एक भिंत असते. तिच्यावरून उडी मारायची ताकद त्यांच्यात नसते. तरी एखादा कण भिंतीतून आरपार जातो."

"भोक असते का भिंतीले?" रुपीने विचारलं.

"नसतं. तरी जातो. मी शिकत होते तेव्हा मलाही हे खरं वाटलं नव्हतं." प्रतिभा हसली. "आणि कोणता कण कधी जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही. तुमच्याकडे मोहफुलं गळतात ना पहाटे? टोपली भरेल हे माहीत असतं, पण कोणतं फूल कधी पडेल ते नाही. तसंच हे. फक्त मोहाच्या फुलाचा देठ किती वाळला, वारा किती आहे, हे सगळं कोणाला कळलं असतं, तर त्याला सांगता आलं असतं. इलेक्ट्रॉनचं तेही नाही. सांगण्यासारखं कारणच तिथे नसतं."

मैनाबाईने मान हलवली. हे तिला पटलेलं दिसलं.

"मग पेटी डोळ्याची पापणी लवायच्या आत किती कण पडले ते मोजते. दोन, चार, सहा असे सम पडले, तर यादीचा वरचा अर्धा भाग ठेवायचा. विषम पडले, तर खालचा. उरले त्यांचे पुन्हा दोन भाग. असं आठ वेळा केलं की एक नाव उरतं. आधी औषध मिळालेल्याचाच नंबर निघाला, तर सोडत पुन्हा. पन्नासेक कण पडतात एका वेळी. पन्नास पडले काय आणि एक्कावन्न पडले काय, कोणाच्या हातात आहे?"

रस्त्यावरून बांबूचा एक ट्रक गेला.

"एखाद्या साली मोहाले फुलंच लागत नाहीत," ती म्हणाली. "झाडाखाली जावं तर एकबी नाही. तवा का करता जी?"

"यंत्र बंद पडलं तर ते सांगतं ना. लाल दिवा लागतो."

"बंद नाही म्हटलं मी. कमी. एखादं पडलं, नाहीतर नाहीच पडलं."

"तसं होत नाही," प्रतिभा म्हणाली. तेवढ्यात बस आली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याची पिशवी टेबलावर ठेवता ठेवता तिला तो प्रश्न पुन्हा आठवला. एकही कण पडला नाही तर पेटी काय मोजेल? शून्य.

आणि शून्य सम की विषम?

ती उभीच राहिली. शून्य सम. दोनाने निःशेष भाग जातो. म्हणजे एकही कण आला नाही, तरी पेटी ते 'सम' समजणार आणि यादीचा वरचा भाग ठेवणार. पन्नास कण येत असतील तर शून्याची वेळच येत नाही. सम आणि विषम अगदी बरोबरीचे पडतात. पण कण कमी झाले, एखाददुसरा, तर शून्य वारंवार येईल. आणि प्रत्येक शून्य वरच्यांच्या पदरात.

तिने चाचण्यांची नोंद उघडली. गेल्या चाचणीत सरासरी एकोणपन्नास. त्याआधी बावन्न. सगळं उत्तम. तिला हायसं वाटलं, आणि ती नोंद बंद करणारच होती. मग वाटलं, चाचणीचे आकडे पाहिले, सोडतीचे कुठे पाहिले?

सोडतीच्या वेळचे मूळ आकडे कोणी कधी पाहत नसे. पडद्यावर फक्त 'सम' किंवा 'विषम' दिसायचं. आकडे पेटीच्या आत साठलेले होते. ते काढायला वीस मिनिटं लागली.

कालची सोडत. शून्य. एक. शून्य. शून्य. दोन. शून्य. एक. शून्य.

ती मागे मागे गेली. सात महिने असंच. सरासरी अर्धा कण. त्याच्याआधी मात्र ठणठणीत पन्नास.

तिने कागद ओढला. सरासरी अर्धा कण असेल तर शंभरातून अडुसष्ट वेळा सम येणार आणि बत्तीस वेळा विषम. आठ वेळा अर्धी करायच्या यादीत हा फरक आठ वेळा गुणला जातो. सात महिन्यांत अठ्ठावीस जणांना औषध मिळालं होतं. तिने नंबर लावून पाहिले. वरच्या अर्ध्या यादीतले वीस. खालच्या अर्ध्यातले आठ.

यादी नोंदणीच्या क्रमाने होती. सावरटोल्यातले आणि रस्त्यावरच्या गावांतले लोक पहिल्या आठवड्यातच येऊन नाव लिहून गेले होते. नदीपलीकडे शिबिर पोचायला दोन महिने लागले. ती सगळी नावं खाली. सोडत खरी असेल तर वर कोण आणि खाली कोण याला काही अर्थ नसतो, म्हणून तो क्रम कोणी बदलला नव्हता.

पण चाचणी दर वेळी पास का होत होती? याचं उत्तर शोधायला तिला पेटी उघडावी लागली नाही. ते तिला माहीतच होतं, फक्त आजवर त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

नळी जुनी झाली की तिच्यात कुठूनतरी हवेचे अणू शिरतात. ते सुईच्या टोकावर बसतात आणि भिंत जाड होते. म्हणून नियम असा होता: सोडतीच्या दिवशी सकाळी सुई तापवून टोक स्वच्छ करायचं, तीन तास चाचणी घ्यायची आणि लगेच सोडत काढायची. सात महिन्यांपूर्वी एका सोडतीच्या आदल्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ निलेश कळांनी तळमळत दवाखान्यात होता. त्या महिन्यात तिने चाचणी चार दिवस आधीच उरकून घेतली. पास झाली. पुढच्या महिन्यातही तसंच केलं, कारण सोडतीच्या दिवशी पहाटे यायचा त्रास वाचत होता. मग ती सवयच झाली. तापवलेली सुई चाचणीत पन्नास कण द्यायची. चार दिवसांनी तिच्या टोकावर थर बसलेला असायचा.

निलेशचा नंबर यादीत एकोणिसावा होता. चार महिन्यांपूर्वी त्याचं नाव निघालं होतं.

तिने तेही मांडून पाहिलं. एकोणिसाव्या नंबरला मिळायला हवी होती त्याच्या अडीच पटींहून जास्त संधी मिळाली होती. मग तिने रुपी हिचामीचा नंबर शोधला. दोनशे त्रेचाळीस. जेवढी संधी तिच्या हक्काची, तिचा चौथा हिस्सा.

*

निलेश रोज सकाळी वैनगंगेवर पोहायला जायचा. अठ्ठावीस वर्षं त्याने आंघोळीलासुद्धा कोमट पाणी घेतलं होतं; गार पाणी अंगावर पडलं की कळा सुरू. डोस मिळाल्यावर दीड महिन्याने तो पहिल्यांदा नदीत उतरला आणि आता त्याला बाहेर काढणं अवघड होतं. प्रतिभा घाटावर जाऊन उभी राहिली. तिला पाहून तो काठाशी आला.

तिने सगळं सांगितलं. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ऐकत होता.

"म्हणजे माझा नंबर चुकून लागला?"

"तसं म्हणता येत नाही. पेटी चांगली असती तरी लागला असता कदाचित. नसताही. आता ते कधीच कळणार नाही."

"आणि चाचणी तू लवकर का घेतली? माझ्यापायी?"

"पहिल्या वेळी. नंतर माझ्या आळसापायी."

तो पायरीवर येऊन बसला. अंगावरून पाणी निथळत होतं, पण टॉवेल घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"सुई बदलून टाक ना ताई. कोणाले काय समजते?"

"समजणार नाही कोणाला."

"मग?"

"मैनाबाईने भर सभेत विचारलं होतं, आणि मी माईकवर सांगितलं की असं आपोआप होतं. लोक हसले तिला."

निलेश चिडला. "लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना तुले? बोरकुटे मॅडमनं भावासाठी पेटी वाकवली, असंच म्हणतील. तुझी नोकरी जाईल. दोन महिन्यांवर माझं लग्न आहे. दिलेलं औषध काही परत काढता येत नाही माझ्या अंगातून. मी बरा झालो याची मले आता लाज वाटली पाहिजे का?"

"नाही."

"मग तू कायले रडून राहिली?"

तो कपडे घेऊन तिच्याआधीच घाट चढून गेला.

*

केंद्राच्या प्रमुख डॉ. हेमलता वासेकर यांनी कागद दोनदा वाचले. त्या चांगल्या बाई होत्या आणि म्हणूनच त्यांना भीती वाटत होती.

"सुई आजच बदल," त्या म्हणाल्या. "पण सभेत सांगायचं की नाही, याचा मला विचार करू दे. हे बाहेर गेलं तर औषध पाठवणारे हात आखडता घेतील. चाराचे दोन होतील, कदाचित बंदही. त्यात रुपीचंही नुकसान आहे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर उद्यापासून सगळं नीट चालेल."

"मागच्या सात महिन्यांचं काय, मॅडम?"

डॉक्टरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. ओसरीवर रक्ततपासणीची रांग होती. एक आजोबा नातीला उन्हातून सावलीत सरकवत होते.

"मला सांग, हे तुला कळलं कसं?"

"मैनाबाईने विचारलं, फुलं कमी पडली तर काय करता."

"आणि आपल्याला दोन वर्षांत सुचलं नाही." डॉ. वासेकरांनी कागदांची घडी घातली. "ठीक आहे. वर मी कळवते. आठ दिवसांनी सगळ्यांना बोलावू. सांग तू. पण भावाचं नावही तूच सांग, दुसऱ्या कोणी काढायच्या आत."

*

सभागृह इतकं भरलं होतं की लोक खिडक्यांत बसले होते. प्रतिभाने पडद्यावर दोन ओळी दाखवल्या. एकीत पन्नास, एक्कावन्न, अठ्ठेचाळीस असे आकडे. दुसरीत शून्य, एक, शून्य, शून्य. शून्य सम कसं, हे सांगायला तिला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. लोकांना लगेच कळलं, आणि कळल्याबरोबर गोंधळ उठला.

"मागच्या वेळी ही बाई खरं बोलत होती," प्रतिभा मैनाबाईकडे हात करून म्हणाली, "आणि मी तिला गप्प केलं. चाचणी ज्या दिवशी करायची त्या दिवशी मी केली नाही. या सात महिन्यांतच माझ्या भावाचा, निलेश बोरकुटेचा नंबर लागला. मी मुद्दाम काही केलेलं नाही. पण तुम्ही विश्वास ठेवा असं म्हणायचा हक्क आता मला नाही. सगळे आकडे बाहेर लावलेत."

कोणीतरी शिवी दिली. कोणीतरी त्याला खाली बसवलं. मग तासभर लोक बोलत होते. सात महिन्यांत वरच्यांना बारा डोस जास्त गेले, तर पुढचे तीन महिने, म्हणजे बारा डोस, फक्त खालच्या अर्ध्या यादीतून काढा, असं नदीपलीकडच्या एका शिक्षकाने सुचवलं. त्यावर पुढच्या रांगेतला एक माणूस ताडकन उठला.

"माझा पोरगा सत्तेचाळीस नंबरवर हाय. त्याले अजून काही भेटलं नाही. त्यानं का गुन्हा केला?"

"काहीच नाही," प्रतिभा म्हणाली.

"मग त्यानं तीन महिने कायले थांबावं?"

त्या माणसाने सगळ्यांकडे पाहिलं आणि तो खाली बसला. हात वर करून मतं घेतली तेव्हा निलेशही दाराशी उभा असलेला प्रतिभाला दिसला. केस ओले होते. त्याने खालच्या यादीच्या बाजूने हात वर केला.

"तुमचं तर झालं ना बाप्पा," शेजारचा म्हणाला, "तुम्ही कायले हात वर करता?"

निलेशने हात खाली घेतला. त्याचे कान लाल झाले होते. तो सभा संपेपर्यंत तिथेच उभा राहिला आणि नंतर खुर्च्या उचलायला थांबला. बहिणीशी बोलला नाही. पण तिची गाडी त्यानेच सावलीत लावून ठेवली होती.

थोड्या मतांच्या फरकाने ठराव झाला. तीन महिने खालच्या यादीतून सोडत. त्यानंतर दर महिन्याला यादीचा क्रम मोडून नवा लावायचा. दर वेळी किती कण आले तो आकडा मोठ्या पडद्यावर दाखवायचा आणि मोठ्याने वाचायचा. वीसपेक्षा कमी आले तर सोडत थांबवायची. चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रतिभाने पेटीला हात लावायचा नाही. औषधाचे डोस थांबले नाहीत. वरून एक कडक पत्र तेवढं आलं.

*

तीन महिन्यांतल्या शेवटच्या सोडतीला प्रतिभा लोकांत बसली होती. तिची जागा घेतलेला नवा तंत्रज्ञ पहाटे सहाला येऊन चाचणी करून बसला होता. निलेशचं लग्न झालं होतं. मुलीच्या वडलांनी सगळं ऐकून घेऊन एकच विचारलं होतं, मुलगा आता बरा आहे ना. चौकशीचा निकाल अजून आला नव्हता.

मैनाबाई आणि रुपी तिच्या शेजारी येऊन बसल्या. रुपी गेल्या महिन्यात नऊ दिवस दाखल होती. तिची बोटं अजून सुजलेली होती.

पहिली तीन नावं निघाली. चौथ्या डोसासाठी पेटी सुरू झाली.

"त्रेपन्न!" नव्या तंत्रज्ञाने वाचलं. विषम. एकशे अठ्ठावीस नावांतली खालची चौसष्ट राहिली.

"सत्तेचाळीस!" बत्तीस.

"एक्कावन्न!" सोळा. त्यात दोनशे त्रेचाळीस होता. रुपी सरळ बसली.

"पन्नास!" आठ. अजून होता.

"शेहेचाळीस!" चार. आयुष्यात पहिल्यांदा प्रतिभाला वाटलं, पेटीने थोडं वाकावं.

"एकोणपन्नास!"

पडद्यावर दोन नंबर उरले. दोनशे त्रेचाळीस आणि दोनशे चव्वेचाळीस. सम आला तर वरचा, रुपीचा.

"पंचावन्न!"

मागच्या बाजूला एक म्हातारा ओरडून उठला आणि त्याने आपल्या मुलाला कवटाळलं. तो मैनाबाईच्याच बाजूचा, ओढ्यापलीकडच्या पाड्यावरचा होता. रुपीने आईकडे पाहिलं. मैनाबाई पडद्याकडे पाहत होती.

"किती पायजे होते आम्हाले?"

"चोपन्न," प्रतिभा म्हणाली. "किंवा छप्पन."

"म्हणजे एक जास्त आला."

"हो. एकच."

"तो कुठून आला?"

"माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

मैनाबाईने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, बाजारात माणूस वजनकाट्याकडे पाहतो तसं. मग तिने रुपीची पिशवी खांद्याला लावली आणि तिला हाताला धरून उभं केलं.

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "पुढली तारीख कोणती?"